ख्रिस्ताचे पुनरुत्थान म्हणजे काय?

नाताळ दरवर्षी ठरलेल्या तारखेला येतो. ईस्टर मात्र कधी मार्चच्या अखेरीस, तर कधी एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. याचे कारण पुष्कळांना ठाऊक नसते. परंतु तिथींवर सण पाळणाऱ्या समाजाला ते समजण्यास कठीण नाही. येशूचा वधस्तंभावरील मृत्यू यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाच्या सुमारास घडला आणि वल्हांडण हा वसंत ऋतूतील पौर्णिमेचा सण आहे. त्यामुळे ख्रिस्ती लोकांच्या या सणालाही चंद्राची सोबत राहिली. ३२५ साली निकेया येथे भरलेल्या धर्मसभेने सर्वत्र हा सण एकाच रविवारी पाळला जावा असे ठरविले. त्यातून पुढे जे गणित रूढ झाले त्यानुसार २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा ईस्टरचा दिवस होय. तो २२ मार्चपूर्वी येत नाही व २५ एप्रिलनंतर जात नाही. पूर्वेकडील अनेक ख्रिस्तमंडळ्या जुने पंचांग धरून चालतात, म्हणून त्यांचा ईस्टर बहुधा वेगळ्या दिवशी येतो.

ख्रिस्ती धर्मातील सर्वांत मोठा सण कोणता, असे विचारल्यास बहुतेक लोक नाताळचे नाव घेतील. दिवे, तारे, गोठ्याचा देखावा आणि फराळ यांमुळे तो सण शेजारीपाजारी सर्वांच्या परिचयाचा झालेला आहे. परंतु प्राचीनता आणि महत्त्व या दोन्ही दृष्टींनी पहिला मान ईस्टरचा आहे. येशूच्या जन्माचा उत्सव पाळला जाण्यापूर्वी कितीतरी वर्षे ख्रिस्ती लोक त्याच्या पुनरुत्थानाचा उत्सव करीत होते. चार शुभवर्तमानांपैकी दोहोंतच येशूच्या जन्माची हकीकत आहे. मृत्यूची आणि रिकाम्या कबरीची हकीकत चारही शुभवर्तमानांत आहे.

मग ख्रिस्ती लोक मानतात तरी काय? मेलेला मनुष्य जिवंत झाला एवढेच सांगून या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही. कोण उठला, कसे जीवन जगून उठला आणि कोणत्या देहाने उठला, हे कळल्याखेरीज पुनरुत्थान या शब्दाचा अर्थ कळत नाही. म्हणून आरंभ कबरीपासून न करता त्याच्या जीवनापासून करणे योग्य ठरते.

येशूचा जन्म यहुदिया प्रांतातील बेथलेहेम गावी, हेरोद राजाच्या कारकिर्दीत झाला असे शुभवर्तमाने सांगतात. हा हेरोद इसवी सनापूर्वी ४ या वर्षी मरण पावला असे इतिहासकार मानतात. तेव्हा येशूचा जन्म त्यापूर्वीच झालेला असला पाहिजे. येशूच्या जन्मापासून वर्षे मोजण्याची पद्धत सहाव्या शतकात दिओनिसियस नावाच्या एका मठवासी विद्वानाने घातली. त्याच्या गणितात काही वर्षांची चूक राहून गेली. त्यामुळे ख्रिस्ताच्या नावाने चालणाऱ्या सनाच्या आरंभापूर्वीच ख्रिस्त जन्मला होता, असा चमत्कारिक योग घडून आला आहे.

त्याचे बालपण व तारुण्य गालील प्रांतातील नासरेथ या लहानशा गावी गेले. तो सुताराचा मुलगा आणि स्वतःही सुतारकाम करणारा होता. सुमारे तीस वर्षांच्या या काळाविषयी शुभवर्तमानांत फारच थोडा मजकूर आहे. ख्रिस्ती चिंतनात या मौनालाही अर्थ आहे. जगाचा तारणारा म्हणून ज्याला मानावयाचे, त्याच्या आयुष्याचा बहुतेक भाग हातांच्या कामात व घरच्या रोजच्या व्यवहारात गेला. त्यामुळे कष्टाचे जीवन हे देवापासून दूरचे जीवन आहे, असे म्हणण्यास जागा राहिली नाही.

यार्देन नदीवर योहानाच्या हातून बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्याचे जाहीर कार्य सुरू झाले. ते फार तर दोनतीन वर्षे चालले. गालील सरोवराच्या काठच्या गावांतून तो हिंडला. पेरणारा, मासेमारीचे जाळे, हरवलेले मेंढरू, घर सोडून गेलेला मुलगा अशा साध्या दाखल्यांतून त्याने देवाच्या राज्याची शिकवण दिली. त्याने रोग्यांना बरे केले आणि ज्यांना शिवणे निषिद्ध मानले जाई त्या कुष्ठरोग्यांना हात लावला. जकातदार व पापी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांच्या पंक्तीला तो बसला. शत्रूवर प्रीती करावी, असे त्याने सांगितले. पापांची क्षमा करण्याचा अधिकार आपणास आहे असेही तो बोलला. आणि हाच त्याच्याविषयी सर्वांत मोठ्या वादाचा विषय झाला, कारण तो अधिकार केवळ देवाचा आहे अशी यहुदी धर्माची शिकवण होती.

येथे ख्रिस्ती श्रद्धेचा पहिला मोठा सिद्धांत येतो. येशू हा देवाने पाठविलेला संदेष्टा होता एवढे म्हणून ख्रिस्ती श्रद्धा थांबत नाही. देवाचा सनातन पुत्र मनुष्य झाला, असे ती मानते. याला देहधारण म्हणतात. अवतार या शब्दाशी परिचित असलेल्या वाचकाला ही कल्पना जवळची वाटेल आणि काही अंशी ती जवळची आहेही. परंतु दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. ख्रिस्ती श्रद्धेनुसार हे देहधारण एकदाच झाले व पुन्हा व्हावयाचे नाही. दुसरी गोष्ट अशी की, घेतलेला मानवी देह कार्य संपल्यावर टाकून दिला गेला नाही. देवपुत्र जो मनुष्य झाला तो कायमचाच मनुष्य झाला.

पहिल्या काही पिढ्यांतच या सिद्धांताला आतून आव्हान मिळाले. देवाला भूक, थकवा व वेदना कशा असतील, असे वाटून काही लोक म्हणू लागले की, येशूचा देह हा केवळ आभास होता आणि त्याने दुःख भोगल्यासारखे दिसले इतकेच. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याने या मताला कसून विरोध केला. तो स्वतः कैदी म्हणून रोमकडे मृत्युदंडासाठी नेला जात होता. ख्रिस्ताचे दुःख जर नुसता देखावा असेल तर आपल्या बेड्यांना काय अर्थ राहिला, असा त्याचा सवाल होता. पुढे ४५१ साली खाल्सेदोनच्या धर्मसभेने ख्रिस्त खरा देव व खरा मनुष्य आहे असे निःसंदिग्ध शब्दांत जाहीर केले.

खरा मनुष्य असल्यामुळे त्याला खरा मृत्यू आला. रोमन सुभेदार पंतय पिलात याच्या आज्ञेने यरुशलेम नगराबाहेर त्याला वधस्तंभावर खिळण्यात आले. हे बहुधा इसवी सन ३० किंवा ३३ मध्ये घडले. पिलाताचे नाव आजही ख्रिस्ती उपासनेतील श्रद्धेच्या कबुलीत उच्चारले जाते. एका रोमन अधिकाऱ्याचे नाव तेथे कशासाठी, असा प्रश्न पडेल. ही घटना पुराणकाळात वा स्वप्नात घडलेली नसून अमुक एका माणसाच्या कारकिर्दीत, अमुक एका गावी घडली, हे सांगण्यासाठी ते नाव तेथे आहे. पिलात २६ ते ३६ या काळात यहुदियावर होता. १९६१ साली कैसरिया येथील उत्खननात त्याचे नाव कोरलेली शिळाही सापडली. रोमन इतिहासकार टॅसिटस यानेही पिलाताच्या हाताखाली ख्रिस्ताला देहदंड झाल्याची नोंद केलेली आहे.

वधस्तंभाची शिक्षा मुख्यतः गुलाम व बंडखोर यांच्यासाठी असे. ती जितकी क्रूर तितकीच लाजिरवाणी होती. १९६८ साली यरुशलेमजवळ त्याच काळातील एक अस्थिपेटी सापडली. तिच्यातील एका पुरुषाच्या टाचेच्या हाडात लोखंडी खिळा अडकलेला होता. या शिक्षेचा हा मूक पुरावा आहे. आणि अशी शिक्षा भोगलेल्या माणसालाही आप्तांच्या हातून रीतसर दफन मिळू शकत असे, हेही त्यावरून दिसते. येशूच्या मृत्यूबद्दल पुढील काळात साऱ्या यहुदी समाजाला दोषी धरण्यात आले व त्यातून फार मोठे अन्याय घडले, हेही येथे सांगितले पाहिजे. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६५ साली असा दोष त्या समाजावर लादणे चुकीचे असल्याचे स्पष्टपणे जाहीर केले.

येशूचे दफन शुक्रवारी सायंकाळी घाईघाईने झाले, कारण सूर्यास्ताबरोबर शब्बाथाचा विश्रामदिन सुरू होत होता. अरिमथाईकर योसेफ नावाच्या एका प्रतिष्ठित गृहस्थाने खडकात खोदलेली कबर दिली. रविवारी पहाटे काही स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन तेथे गेल्या. शुक्रवार सायंकाळ ते रविवार पहाट हा अवधी दोन रात्रींचाच असताना त्याला तिसरा दिवस का म्हणतात, अशी शंका काढली जाते. पहिला दिवस धरूनच मोजण्याची यहुदी लोकांची रीत होती. हिंदू घरांत मृत्यूनंतरचा दहावा व तेरावा दिवस मोजतानाही पहिला दिवस धरतातच.

यापुढची गोष्ट फार महत्त्वाची आहे. पुनरुत्थान होताना कोणी पाहिले, असे चारही शुभवर्तमानांत कोठेच लिहिलेले नाही. दगड कसा सरला, मृताचे डोळे कसे उघडले, याचे रसभरित वर्णन करण्याचा मोह लेखकांनी टाळला आहे. ते फक्त आधीचे व नंतरचे सांगतात: येथे पुरले होते, आणि आता येथे नाही. ही बातमी प्रथम स्त्रियांना कळली. त्या काळच्या न्यायसभेत स्त्रियांच्या साक्षीला फारसे वजन नसे. रचून सांगावयाचेच असते तर असे साक्षीदार कोणी निवडले नसते, असे अनेक अभ्यासक म्हणतात. लूक तर असेही नमूद करतो की, त्या स्त्रियांचे बोलणे शिष्यांना प्रथम निव्वळ बडबड वाटली. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांपैकी दोन प्रमुख प्रती तर त्या स्त्रिया भयभीत होऊन पळाल्या, येथेच संपतात.

पुनरुत्थान या शब्दाविषयी तीन गैरसमज वारंवार आढळतात. पहिला असा की, ते मृताचे पूर्ववत् जिवंत होणे आहे. येशूने लाजराला कबरीतून बाहेर बोलाविले, तेव्हा लाजर पूर्वीच्याच जीवनात परत आला. त्याला पुढे केव्हातरी पुन्हा मरावयाचे होतेच. येशू मात्र मृत्यूच्या अलीकडे परतला नाही, तो मृत्यूच्या पलीकडे गेला, अशी श्रद्धा आहे. दुसरा गैरसमज असा की, येशूचा आत्मा अमर राहिला एवढाच याचा अर्थ आहे. तसे असते तर रिकाम्या कबरीला काहीच महत्त्व उरले नसते. तिसरा गैरसमज पुनर्जन्माचा. पुनर्जन्मात जीव जुना देह सोडून नवा घेतो. पुनरुत्थानात तोच मनुष्य आपल्या त्याच देहाने, पण मृत्यूची सत्ता ज्यावर चालत नाही अशा रूपांतर पावलेल्या देहाने, उभा राहतो.

या रूपांतराच्या हकीकती शुभवर्तमानांत मोठ्या संयमाने दिल्या आहेत. मरिया मग्दालेनेला तो प्रथम माळी वाटला. त्याने नाव घेऊन हाक मारताच तिने त्याला ओळखले. अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्य त्याच्याबरोबर मैलोगणती चालले तरी त्यांना ओळख पटली नाही. सायंकाळी जेवणाच्या वेळी त्याने भाकर मोडली तेव्हा ती पटली. बंद दाराच्या खोलीत तो येऊन उभा राहिला. आणि भूत पाहिल्याच्या भीतीने थिजलेल्या शिष्यांसमोर त्याने भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. तो तोच आहे आणि तरी पूर्वीसारखा नाही, असे हे सारे प्रसंग सांगतात.

यांतील थोमाची हकीकत भारतीय ख्रिस्ती लोकांना विशेष जवळची आहे, कारण हाच प्रेषित पुढे भारतात आला व मयिलापूर येथे त्याने देह ठेवला अशी प्राचीन परंपरा आहे. इतरांनी येशूला पाहिले तेव्हा थोमा तेथे नव्हता. हातांवरील खिळ्यांचे व्रण पाहून त्यांत बोट घातल्यावाचून आपण विश्वास ठेवणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. आठ दिवसांनी येशू आला. थोमाच्या संशयाबद्दल त्याला हाकून न देता त्याने आपले हात पुढे केले. थोमाने त्याला आपला प्रभू व आपला देव मानले.

येथे थांबून विचार करण्यासारखे आहे. मृत्यूवर जय मिळविलेल्या देहावर खिळ्यांचे व्रण का राहावेत? वैभवात गेलेला देह निर्व्रण असावयास हवा, असे कोणालाही वाटेल. परंतु ख्रिस्ती श्रद्धेनुसार ते घाव पुसले गेले नाहीत. ज्याने कुष्ठरोग्याला हात लावला, ज्याने पाप्यांच्या पंक्तीत भाकर खाल्ली, ज्याला लोकांनी अपराधी ठरवून मारले, तोच हा, याची खूण ते घाव आहेत. म्हणूनच त्याचे जीवन आणि त्याचे पुनरुत्थान वेगळे करता येत नाही. एका सज्जनाच्या जीवनावर जगाने दिलेला निकाल देवाने फिरविला, हा पुनरुत्थानाचा गाभा होय.

हे खरे कशावरून, असा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. तो पहिल्या शतकापासून विचारला गेला आहे. शिष्यांनी रात्री प्रेत पळविले, अशी वदंता तेव्हाच पसरली होती आणि मत्तयाने ती न लपविता नमूद केली आहे. शिष्यांना भास झाला असावा, असेही पुढे म्हटले गेले. इतिहासाचा अभ्यासक येशूचा देहदंड निश्चित मानतो. थोड्याच काळात त्याच्या अनुयायांची तो उठला आहे अशी दृढ खात्री झाली होती, हेही तो मान्य करतो. त्यापुढचे पाऊल श्रद्धेचे आहे, आणि ते इतिहासाच्या मापाने टाकता येत नाही.

तथापि ही साक्ष फार जुनी आहे. संत पौलाने करिंथ येथील मंडळीला सुमारे ५५ साली पत्र लिहिले. येशू कोणाकोणाला दिसला याची यादी त्यात आहे: पेत्र, बारा शिष्य, एकाच वेळी पाचशेहून अधिक लोक, याकोब आणि शेवटी स्वतः पौल. आपण ही यादी पूर्वीच्यांकडून घेतली, असे तो म्हणतो. म्हणजे ती त्याही आधीची ठरते. त्या पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत असेही तो लिहितो. त्याच ठिकाणी तो सारी श्रद्धाच पणाला लावतो. ख्रिस्त उठला नसेल तर आपला उपदेश पोकळ आहे, श्रद्धा व्यर्थ आहे आणि आपल्यासारखे कींव करण्याजोगे लोक दुसरे नाहीत, असे त्याचे म्हणणे आहे. येशूची नीतिशिकवण सुंदर आहे, तेवढी घ्यावी व बाकीचे सोडून द्यावे, असा सोयीचा मार्ग त्याने मोकळा ठेवलेला नाही.

या श्रद्धेने माणसांत काय बदल केला, याचे उदाहरण पेत्र होय. येशूला अटक झाली त्या रात्री अंगणात कोळशांच्या विस्तवाजवळ शेकत असताना त्याने त्या माणसाला आपण ओळखत नाही असे तीनदा सांगितले. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी येशूने शिष्यांसाठी कोळशांच्या विस्तवावर मासे भाजून न्याहारी तयार ठेवली. तेथे पेत्राला त्याने तीनदा विचारले की, तुझी माझ्यावर प्रीती आहे काय? नकार जितक्या वेळा झाला तितक्याच वेळा प्रीती बोलून दाखविण्याची संधी त्याला मिळाली, आणि कळप सांभाळण्याचे काम त्याच्यावरच सोपविण्यात आले. हाच पेत्र पुढे नीरो बादशहाच्या काळात रोम येथे हुतात्मा झाला, अशी परंपरा आहे.

ख्रिस्ताचे पुनरुत्थान हे केवळ त्याच्यापुरते नसून साऱ्या मानवजातीच्या पुनरुत्थानाचा आरंभ आहे, असे ख्रिस्ती लोक मानतात. म्हणूनच मृत देहाकडे ते टाकाऊ वस्तू म्हणून पाहत नाहीत व दफनाची प्रथा त्यांनी जपली. मग दहन केलेल्या माणसाचे काय? कॅथलिक धर्मसत्तेने १९६३ साली दहनाला मुभा दिली. दफनच अधिक पसंत असले तरी देवाचे सामर्थ्य राखेपुढे थांबत नाही. याच श्रद्धेतून जिवंत देहाविषयीचे कर्तव्यही निघते. जो देह उठविला जावयाचा आहे तो उपाशी, उघडा वा उपचारावाचून ठेवणे हे पाप ठरते.

ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमधील दिवे मालविलेले असतात. बाहेर नवा अग्नी पेटवून त्यावरून एक मोठी मेणबत्ती प्रज्वलित करतात. तिच्यावर त्या वर्षाचा आकडा कोरलेला असतो व पाच घावांची खूण म्हणून धूपाचे पाच दाणे बसविलेले असतात. हा विधी अनेक शतके शनिवारी सकाळीच उरकला जाई. पोप पायस बारावे यांनी १९५१ साली तो पुन्हा रात्रीच्या वेळी करण्याची अनुज्ञा दिली. एका ज्योतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा मेणबत्त्या लागत जातात आणि काळोखातले चेहरे एकेक करून दिसू लागतात. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनंतर हा विधी लोकभाषांतूनही होऊ लागला.

मराठीत मात्र ही कथा त्याच्या फार पूर्वी आली होती. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले. त्यांनी येथील भाषेचा अभ्यास केला, पुराणांची धाटणी उचलली आणि सुमारे ११,००० ओव्यांचे क्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापून प्रसिद्ध झाले. त्यांनी स्वर्गाला वैकुंठ हा शब्द योजला. कारण ऐकणाऱ्याच्या कानाला ओळखीचा असलेला शब्दच मनात उतरतो, हे त्यांनी जाणले होते. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तायन लिहावयास घेतले. ते त्यांच्या १९१९ मधील निधनाने अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाई टिळकांनी ते पुढे चालविले.

ही श्रद्धा सर्वांनी स्वीकारावी असा आग्रह धरण्याचे कारण नाही. परंतु ज्यांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहावयाचे, ते कशाच्या आधारावर आपल्या मृतांना निरोप देतात आणि कोणत्या आशेने पहाटेच्या काळोखात मेणबत्ती घेऊन उभे राहतात, हे जाणून घेणे शेजारधर्माला धरून आहे. पुढच्या वेळी ईस्टरच्या रविवारी शेजारचे घर लवकर जागे झालेले दिसले, तर ते कोणाच्या स्वागतासाठी जागे झाले आहे हे सहज ध्यानात येईल.